पॉटर काउंटीतली हरणं आणि आमच्या वावरातले रोही

‘ताई, अमेरिकेत शेतकरी खुशाल हरणं मारतात. मग आम्हालाच का मनाई?’ धाकटा भाऊ वर्ध्याच्या सेलू तालुक्यात शेती करतो. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी हरभऱ्याच्या दिवसांत त्याची रोज रात्री जागल असते. त्याच्या प्रश्नामागे एक राग आहे आणि तो राग रास्त आहे. पण ‘खुशाल’ हा शब्द मात्र खरा नाही.

मी राहते ती पॉटर काउंटी पेनसिल्वेनियाच्या उत्तर टोकाला आहे. डोंगर, दाट जंगल आणि तुरळक वस्ती. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या शनिवारी इथे बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी शाळा बंद ठेवायची रीत होती. शेजारचे आजोबा, त्यांची लेक आणि नात पहाटेच सरकारी रानात जातात, डोक्यावर, छातीवर, पाठीवर भडक नारिंगी कपडा घालून. तो कायद्याने सक्तीचा आहे. हरीण पडलं की जागचं हलवायच्या आत त्याच्या कानाला टॅग बांधायचा आणि दहा दिवसांत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव-शिकार खात्याला, कळवायचं. मांस विकायचं नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या गॅरेजमध्ये मी पाहिलं: लांब टेबलावर कागद पसरलेला, आजोबा मांडीचे तुकडे काढताहेत आणि नात पाकिटांवर मार्करने तारीख घालतेय. काही पाकिटं घरच्या फ्रीजरमध्ये गेली, काही ओळखीच्या एका विधवा बाईंकडे.

हे सगळं सुखासुखी उभं राहिलेलं नाही. १९०० च्या सुमारास इथली हरणं जवळजवळ संपली होती. बाजारात विकायला बेसुमार शिकार झाली, जंगलं तोडून सपाट केली. लांडगे आणि पुमा तर कायमचेच गेले. १८९५ मध्ये गेम कमिशन आलं, बाहेरून हरणं आणून सोडली गेली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी झाली. पुढे हरणं इतकी माजली की जंगलात कोवळं रोप टिकेना, आणि माद्यांसाठीही परवाने काढावे लागले. आता कुठल्या भागात किती माद्यांचे परवाने द्यायचे, हे दरवर्षी ठरतं.

भावाला मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते पैशाबद्दल. या कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण करातून पैसा मिळत नाही. परवान्याची फी, रानातलं लाकूड आणि गॅस यांचं उत्पन्न, आणि शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरच्या ११ टक्के केंद्रीय करातून १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने मिळणारा वाटा, यावर ते चालतं. त्यातूनच सुमारे १५ लाख एकर रान जपलं गेलं. बंदुकीचा नाद मला आजही पटत नाही, पण हा हिशोब पटतो.

आपल्याकडे भांडण होतं ते मारावं की मारू नये यावर. २०१६ साली बिहारमध्ये मोकामाला नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले, तेव्हा मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. महाराष्ट्राने २०१५ मध्येच रोही-डुकरं मारायला परवानगीची वाट काढली होती. पण कागद हातात येईपर्यंत वावर साफ झालेलं असतं, आणि गावात परवान्याची बंदूक असते किती जणांकडे? मग कुणीतरी विजेची जिवंत तार सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, कधी वाघ, कधी शेजारचा शेतकरी. आता पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान खरीप २०२६ पासून धरणार आहेत, फोटो काढून ७२ तासांत कळवायचं. चांगलं आहे, पण त्याने जागल सुटणार नाही.

इथला परवाना उचलून वर्ध्यात नेऊन ठेवावा, असंही मी म्हणणार नाही. इथे हरणाला खाणारा लांडगा उरला नाही. आमच्या गावापासून बोरचा व्याघ्र प्रकल्प जवळ आहे आणि रोही, डुक्कर हे तिथल्या वाघाचं अन्न आहे. शिवाय आपली वस्ती दाट, दर फर्लांगावर कुणीतरी राबतंय. तिथे हौशी बंदुका नकोतच.

तालुकावार मोजणी मात्र हवी. कुठे, किती आणि कुणी मारायचे हे ग्रामसभेसमोर ठरावं. २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे, पण वन्यजीव राखायची जबाबदारी गावावरच टाकली आहे. राखण गावाची असेल तर मोजणीत आणि निर्णयातही गाव असलंच पाहिजे. माग काढायचं पिढीजात कसब फासेपारध्यांकडे आहे. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार ठरवलं, पुढे शिकारबंदीने त्यांचा धंदा गेला, पर्याय कुणी दिला नाही. वनखात्याने पगार देऊन, प्रशिक्षण देऊन या कामावर माणसं घ्यावीत आणि पहिली भरती त्यांच्यातून करावी.