सांगली-चिपळूण, मार्गे माझा फोन

फोन गरम होतोय अशी तक्रार आमच्या घरात करायची सोय नाही. अण्णा लगेच विचारतात, "पाणी बघितलंस का?"

अण्णांची उभी हयात एसटीत ड्रायव्हरकी करण्यात गेली. सांगली-चिपळूण ही त्यांची लाडकी गाडी. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही झोपेत त्यांचा डावा पाय क्लच दाबतो असं आई शपथेवर सांगते. अशा माणसाच्या हातात माझ्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत बस चालवायचा गेम दिला. तोही माझ्या फोनवर. स्वतःच्या फोनवर त्यानं घेतला नाही. त्याला बॅटरीची काळजी आहे.

अण्णांचा स्वतःचा फोन बटणांचा. रविवारी चार्ज केला की पुढच्या रविवारपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. "माझा बघ," असं म्हणून ते तो छातीच्या खिशातून अर्धा बाहेर काढून दाखवतात. त्याच्या पडद्यावर जेमतेम चार ओळी मावतात, इंटरनेट नाही, दिवसभर त्याला काही उद्योग नाही, म्हणून टिकतो, असं मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, "मग तुझ्या फोनला एवढा कसला उद्योग असतोय?" उद्योग त्यांच्याच हातात चालू होता. दोन्ही अंगठे स्टीअरिंगवर, आणि बस पाचव्या गिअरात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. सौद्याचे फोटो, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बँकेचे ओटीपी, सगळा कारभार त्या एका फोनवर. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आत अण्णा हात पुढं करतात, "आण गाडी." याला ते गेम म्हणत नाहीत. गेम पोरं खेळतात. अण्णा गाडी काढतात.

आता माझा भाचा हाच गेम कसा खेळतो ते सांगतो. गाडी सुरू, सुसाट, दोन रिक्षा आडव्या, एक टपरी उडवली, शेवटच्या थांब्याला पाच मिनिटांत हजर. अण्णांना हे बघवत नाही. ते सुटायच्या आधी दोन्ही आरसे बघतात. वळणावर हॉर्न देतात. प्रत्येक थांब्याला गाडी फलाटाला समांतर लावतात आणि शेवटचा प्रवासी चढेपर्यंत दार लावत नाहीत. वेग पन्नासच्या वर जाऊ देत नाहीत. समोर रस्ता रिकामा असला तरी नाही. कुणातरी हौशी पोरानं त्या गेममधल्या गाडीला एसटीचा लाल रंग चढवून ठेवलाय, तेव्हापासून तर शिस्त आणखी कडक झाली. परिणाम असा की भाच्याची पाच मिनिटांची फेरी अण्णांना पाऊण तास पुरते. नियमानं चालणाऱ्या माणसाला बॅटरी जास्त लागते, हा शोध आमच्या घरात लागला.

यावर कळस म्हणजे चहा. मधल्या थांब्यावर अण्णा गाडी उभी करतात, किल्ली फिरवून इंजिन बंद करतात, फोन तसाच उताणा ठेवून चहाला येतात. मी म्हणतो, "अण्णा, फोन चालू आहे." ते म्हणतात, "इंजिन बंद केलंय मी."

केलेलं असतंच. बसचं इंजिन बंद असतं. फोनचं पेटलेलं असतं. पडद्यावरची ती उभी बस, तिच्यामागचं झाड, झाडाची हलणारी पानं, वर सरकणारा ढग, हे सगळं चित्र फोनमधली चिप सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढत बसते. बस हलो न हलो, मजुरी तीच. अण्णा चहा बशीत ओततात, फुंकर मारतात, आईशी कुणाच्या तरी लग्नावर बोलतात, आणि आत ती चिप बिनप्रवाशांची, बिनड्रायव्हरची गाडी रंगवत घाम गाळत असते. हे मी समजावलं तेव्हा अण्णांनी मला असा चेहरा केला, जसा ते डेपोत नव्या आलेल्या इंजिनिअरांपुढं करत असणार. "बंद गाडी डिझेल पीत न्हाई," एवढंच बोलले.

मी गणित मांडलं. माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएच. तिचा व्होल्टेज धरून हिशेब केला तर होते साधारण १९ वॉट-तास वीज. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला ९ वॉटचा एलईडी दिवा तिच्यावर दोन तास जळेल आणि विझेल. एवढ्या शिदोरीवर भारी ग्राफिक्सचा गेम चार-पाच वॉट ओढतो. साधारण चार तास, तेही बॅटरी नवी असेल तर. अण्णांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "टाकी एवढीच लहान का घेतलीस?"

बसायची जागा हा आणखी वेगळा प्रकार. घरात चांगला सोफा आहे. अण्णा बसतात मागच्या पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उजव्या हाताला खिडकी येईल असं. ड्रायव्हरला वारं उजवीकडून लागतं. पडवीत सिग्नलची एकच काडी येते. सिग्नल दुबळा असला की फोन टॉवरला गाठायला जादा जोर लावतो, त्यातही बॅटरी जाते. एप्रिलमध्ये त्या खिडकीतून येतं ते वारं नसतं, झळ असते. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की हा फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. सांगलीचा उन्हाळा त्यांनी बघितलेला दिसत नाही. यार्डात दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा फोन खिशातल्या खिशातच माहितीपत्रकाच्या बाहेर गेलेला असतो.

मग जाहिराती. फेरी संपली की तीस सेकंदांची जाहिरात येते. जगातला प्रत्येक माणूस कोपऱ्यातली फुली शोधत असतो. अण्णा मांडीवर हात ठेवून पूर्ण बघतात. समोरचा बोलतोय तर मध्येच तोडायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. परवा एका बाईनं हसून विचारलं, "तुम्हाला पाच लाखांचं कर्ज हवंय का?" अण्णा म्हणाले, "नको बाई, पेन्शन पुरती." २०१२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकानं मोजमाप करून दाखवलं होतं की काही फुकटच्या अ‍ॅपमध्ये खर्च होणाऱ्या विजेतला ६५ ते ७५ टक्के वाटा जाहिरातींची यंत्रणाच खाऊन टाकते. फुकटच्या गेमचं तिकीट आपण असं आपल्या चार्जरातून काढत असतो, आणि आमच्या घरी तर ते पूर्ण काढतात, अर्धंही नाही.

याचा भुर्दंड मला हरभट रोडवर पडतो. भडंगाचं पुडकं बांधून झालेलं, मागं माणसं उभी, मी कोड स्कॅन करतो आणि फोन शेवटची उचकी देऊन काळा होतो. खिशात रोकड ठेवायची सवय गेलीय. दुकानदार पुडकं हळूच आपल्याकडं ओढतो. तो काही बोलत नाही, हे जास्त लागतं.

शेवटी फोन दुरुस्तीला नेला. अण्णा सोबत आले. गाडी वर्कशॉपला नेताना ड्रायव्हरनं हजर राहायचं असतं म्हणे. दुरुस्तीवाल्या पोरानं आधी चार्जिंगच्या भोकात बारीक काडी घातली आणि आतून पिवळी पूड उकरून कागदावर झटकली. चांगली चिमूटभर निघाली, वर वासही यार्डातला. "चार्जर ढिला बसतोय तो हिच्यामुळं," तो म्हणाला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते फोनच्या पोटापर्यंत पोचलंय हे कुणी कळवलं नव्हतं.

मग त्यानं मागचं झाकण उघडलं आणि अण्णा पुढं वाकले. "ह्याचा पंखा कुठं हाय?"

"पंखा नसतो काका ह्यात."

"रेडिएटर?"

पोरगं मात्र गुणी निघालं. हसलं नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं, ही चिप, उष्णता इथं तयार होते. तिच्यावर ग्राफाइटचा पातळ थर असतो, तो ती सगळीकडं पसरवतो, आणि मग पाठीवरून ती हवेत जाते. महागाच्या फोनात चपटी बंद डबी असते, तिच्यात थेंबभर पाणी. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते, परत पाणी.

"पाणी असतंय?" अण्णा ताठ झाले. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. "मी काय म्हणत होतो?"

"तुमच्या फोनात नाही पण ते काका. हा स्वस्तातला आहे."

"म्हणजे बिनपाण्याची गाडी घाटात घातली ह्यानं," अण्णा दुकानाला उद्देशून म्हणाले. गाडी कोण घालत होतं, हा मुद्दा तिथं कुणाच्या लक्षात आला नाही.

पुढचं त्यांना माझ्या आधी समजलं. फोन फार तापला की आतली यंत्रणा स्वतःच चिपचा वेग उतरवते, पडद्याचा उजेड कमी करते, चार्जिंग थांबवते. म्हणून गेम अडखळतो. "घाटात गाडीचा पिकअप जातोय तसं," अण्णा म्हणाले, आणि पोरानं जोरात मान हलवली. पण खेळता खेळता चार्ज करायचं नाही, कारण गेमची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता एकावर एक चढते, लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही, हे ऐकल्यावर मला वाटलं आता वाद होणार. झाला नाही. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. महिनोन्‌महिने मी घसा कोरडा करून जे झालं नाही, ते एका वाक्यात झालं.

त्या बॅटरीबद्दल मला एरवी आदर आहे. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्या तिघांना मिळालं. त्याच साली ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं, वीज गेली होती, आणि माळ्यावर बसलेली माणसं फोन बंद करून ठेवत होती. दिवसातून एकदा चालू करून "आम्ही बरे आहोत" एवढं सांगायचं आणि परत बंद. एकेक टक्का मोजून वापरलेला. तेच अण्णा आता गेममधल्या पावसाचं वायपर चालू ठेवून चहाला येतात. त्या तिघांतले गुडइनफ नोबेल घेताना ९७ वर्षांचे होते, हेही मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बघ. रिटायर माणसाला हिणवू नये."

उपाय सगळे करून झाले. आमच्या हिनं मध्यस्थी म्हणून एकदा तापलेला फोन फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. तेवढ्यात शेटजींचा फोन आला. फ्रिज वाजायला लागला. दार उघडून हिनं "हॅलो" म्हटलं ते दुधाच्या पिशवीकडं बघून. फोन बाहेर काढला तर कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं. गार फोन बाहेरच्या दमट हवेत आला की आतबाहेर पाणी धरतो, त्यानं सर्किट बिघडतं, त्यापेक्षा तो पंख्याखाली नुसता पडू द्यावा. रबरी कव्हर काढलं, त्यानं थोडा फरक पडला. मग मी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला ६० चित्रांची ३० केली, पाऊस बंद केला, सावल्या बंद केल्या. फोन लगेच निवला.

अण्णांनी गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर थांबवली.

"झाडांची सावली कुठं गेली?"

"मी काढली, अण्णा. बॅटरी वाचते."

"भर दुपारी बिनसावलीची झाडं? असल्या रस्त्यानं मी गाडी नेणार न्हाई." मग आवाज खाली आणून आईला म्हणाले, "मला तर हे काही बरं लक्षण वाटंना."

सावल्या परत आणल्या. पाऊस मात्र बंद ठेवण्यात मला यश आलं, कारण त्यानं वायपरचं काम वाचतं हे त्यांना पटलं.

आता त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवलीय. एसटीत दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब ठेवतात, आणि अण्णांचा आकडा डेपोत कायम वरच्या अंगाला असायचा. दुकानातून मी आणलेल्या लाल वहीत त्यांनी रेघा मारून रकाने पाडलेत. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, सुरुवातीचे टक्के, शेवटचे टक्के, किलोमीटर. दहा टक्के बॅटरीत गाडी किती जाते, याचा आकडा ते रोज काढतात आणि तो वाढावा म्हणून उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून देतात. फोनच्या बॅटरीला त्यानं काडीचाही फरक पडत नाही. सांगायची माझी हिंमत नाही.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. काल मला बँकेचा ओटीपी हवा होता, म्हणून मी फोन त्यांच्या हातातून घेतला. गाडी तेव्हा ऐन घाटात होती. रात्री वही उघडून बघितली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "गाडी घाटात असताना अनधिकृत इसमाने ताबा घेतला. प्रवासी खोळंबले. वरिष्ठांस कळविले आहे."

वरिष्ठ म्हणजे आई. आज डब्यात नुसती भाकरी आणि चटणी आली.