दुसऱ्यांदा अप्रेंटिस

गेल्या आठवड्यात एका रात्री सांगलीजवळच्या कुपवाडहून जुन्या जोडीदाराचा फोन आला. सेकंड शिफ्ट नुकतीच सुटली असावी, मागं कॉम्प्रेसरचा आवाज चालूच होता. "भावा, सहा महिन्यांचा कोर्स हाय. फी सत्तर हजार. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणत्यात. लावू का? आणि तू कसा घुसलास रं सॉफ्टवेअरमध्ये?"

उद्या सांगतो म्हटलं. त्या उद्याला चार दिवस झाले. असं विचारणारा तो एकटा नाही, म्हणून इथंच लिहितो. लांबेल. चहा घेऊन बसा.

मी आयटीआय मशिनिस्ट. २०१० ला पास झालो, वर्षभर अप्रेंटिस केली आणि मग ११-१२ वर्षं कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, काढली. आधी ऑपरेटर, मग सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा. वयाच्या ३३ व्या वर्षी २४ हजारांचा पगार सोडला आणि विश्रामबागेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत १२ हजारांवर शिकाऊ म्हणून बसलो, एक वर्षाच्या बोलीवर. आई म्हणाली, "आरं, लोकं ह्या वयात सुपरवायझर हुत्यात, आणि तू परत अप्रेंटिस?" तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं नव्हतंच.

लोकांना वाटतं एकदम उडी मारली. तसं काही नव्हतं. आमच्याकडं एकाच फ्लँजचे (पाइप जोडायच्या चकतीचे) १४ साइज चालायचे आणि प्रत्येकाचा वेगळा प्रोग्राम. साइज बदलला की शोधाशोध. कंटाळून मी फानुकच्या कंट्रोलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, मॅक्रो (मापं बदलता येतील असा प्रोग्राम) लिहिला: मापं हॅश १०१, हॅश १०२ अशा कप्प्यांत टाकायची, आत एक व्हाइल लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग), चौदाही साइजना तोच प्रोग्राम. ह्यालाच प्रोग्रामिंग म्हणतात हे मला लई उशिरा कळलं. मग दीड वर्ष रात्री पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. त्या दीड वर्षात मिळालेल्या नकारांचं पुराण लावत नाही.

आता मुद्द्यावर येतो. अप्रेंटिसशिप चांगली की वाईट, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. मी दोन केल्या. एकीनं मला माणूस केलं आणि एकीनं नुसता वापरून घेतला.

वापरून घेतला ती पहिली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. वर्षातले सात महिने मी डीबरिंग टेबलवर होतो. हातात कानस, समोर क्रेट, जॉबचे (मशीनवर कापलेल्या भागाचे) बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, काढायचे. मशीनला हात लावला की सेटर ओरडायचा, "प्रॉडक्शन थांबवू नको." शेवटी ट्रेड टेस्ट दिली, पास झालो, सर्टिफिकेट मिळालं. कागदावर मी मशिनिस्ट. हाताला फक्त कानशीची सवय.

दुसरीत पहिल्या आठवड्यातच खरं काम दिलं. दूध डेअऱ्यांची संकलनाची सिस्टीम आहे आमची, त्यातला एक बारका रिपोर्ट. मी ४० ओळी लिहिल्या. आमच्या सीनियर मॅडमनी त्यावर २७ कमेंट टाकल्या. मॅडम माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, मला 'दादा' म्हणतात, आणि दादाचा कोड सगळ्यांच्या देखत परत पाठवतात. पहिले पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग एकदा डोक्यात उजेड पडला की हे तर फर्स्ट पीस इन्स्पेक्शन आहे! शॉपमध्ये नवीन सेटिंग लागलं की पहिला जॉब क्वालिटीकडं जातो. तो पास होईपर्यंत दुसरा लावायचा नाही, मग सेटर २० वर्षांचा अनुभवी का असेना. तिथं कुणाला अपमान वाटत नाही. मग इथं का वाटावा? कोड रिव्ह्यू, म्हणजे एकानं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यानं तपासणं, तेच आहे. तो मनापासून करणारं कुणी असेल तर ती अप्रेंटिसशिप. नसेल तर तुम्ही कमी पगाराचे कामगार आहात, बाकी काही नाही.

एक फरक मात्र आहे आणि त्याची मला अजून भीती वाटते. मशीनवर ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) चुकला, टूल जॉब पकडणाऱ्या चकवर धडकलं, तर अख्ख्या शॉपला ऐकू जातं. सॉफ्टवेअरमध्ये धडकल्याचा आवाज येत नाही. चूक गपगुमान पंधरा दिवस चालत राहते.

माझी चालली होती. दुधाचं बिल पंधरवड्याला निघतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर, दरावरून रक्कम. एका गावच्या सेक्रेटरींचा फोन आला की वहीची बेरीज आणि बिलाची बेरीज जुळत नाही. फरक किती, तर काही पैसे. मी मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय! आयुष्यभर टॉलरन्सवर जगलेला माणूस मी. ड्रॉइंगवर १० मायक्रॉन इकडंतिकडं लिहिलेलं असतं, त्यात बसलं की जॉब ओके. दुधाच्या बिलाला टॉलरन्स नसतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. एका शेतकऱ्याच्या दुधाचे पंधरवड्यातले तीस भरणे, सकाळ-संध्याकाळचे, समोर ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, हातानं काढा." अख्खी दुपार गेली. वहीत सेक्रेटरी प्रत्येक भरण्याची रक्कम जवळच्या पैशापर्यंत पूर्ण (राउंड) करून मग बेरीज मारत होते, माझा प्रोग्राम सगळी बेरीज झाल्यावर शेवटी एकदाच पूर्ण करत होता. त्यात मी रक्कम रुपयांत, दशांशात धरलेली. कॉम्प्युटर आकडे दोनच्या पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ नं, साठवतो, त्याला ०.१ अचूक लिहिताच येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा, उत्तर ०.३ येत नाही. तीनच्या पुढं पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो. तेव्हापासून पैशाचा हिशोब मी पूर्ण पैशांतच ठेवतो, रुपये फक्त छापताना.

हे मला सत्तर हजारांच्या कोर्समध्ये कळलं असतं का? एखाद्या स्लाइडवर असेलही. पण ती दुपार स्लाइडवर मावत नाही.

त्यानंतर मला दराच्या चार्टचं, म्हणजे फॅट-एसएनएफवरून दर काढणाऱ्या भागाचं, काम हवं होतं, तोच त्या सिस्टीमचा जीव. मॅडम मिरजेच्या, सतारमेकरांच्या शेजारात वाढलेल्या. म्हणाल्या, "जवारीला हात लावायला अजून वेळ आहे." जवारी म्हणजे सतारीच्या घोडीचा माथा घासून तारेचा आवाज खुलवणं. एक घास जादा झाली की आवाज गेला. पोरगं आधी भोपळा, लाकूड, पॉलिश करतं. जवारी जाणत्या हाताकडं. मला राग आला होता. आठव्या महिन्यात चार्ट मिळाला तेव्हा हात थरथरत होता आणि राग का आला होता तेच आठवेना.

आता कायद्याचं थोडं, कारण तरुण पोरांना ते माहीत पाहिजे. माझी दुसरी अप्रेंटिस सरकारी नोंदणीची नव्हती, एक पानी करार होता. पण तुमचं शिक्षण नुकतंच झालं असेल तर नोंदणीचा रस्ता बघा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, आणि त्याच नियमांत पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९००० रुपये धरला होता. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिना १५०० पर्यंत, सरकारनं उचलायची सोय होती. त्याच कायद्यात हेही आहे की शिकाऊ हा कामगार नव्हे, आणि शेवटी नोकरी द्यायचं मालकावर बंधन नाही. माझे डीबरिंगचे सात महिने ह्याच फटीतून आले. टक्केवारी मोजणारे आहेत, पण शिकाऊच्या हाताला काय काम दिलं हे मला तरी कुणी येऊन विचारलं नाही.

"वय गेलं" म्हणणाऱ्यांना एवढंच की चित्रकार व्हायला मुंबईला गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखता येईनात, म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. मग बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० ला आपल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. लाइन बदललेल्या माणसानं उभा केलेला कारखाना आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण एकमेकांचं वय मोजत बसतो.

पण पैशाचं खोटं बोलणार नाही. माझी बायको पतसंस्थेत नोकरीला आहे. तिचा पगार होता म्हणून माझं ते वर्ष निघालं. गाडी विकली, दिवाळीला आईला साडी घेता आली नाही. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला 'आवड जपा' म्हणून सांगणाऱ्याचा मला संताप येतो. आणि हो, आता कोड एआय लिहून देतं, मग शिकाऊ कशाला, असंही विचारतात. आमच्याकडं वापरतो आम्ही. पण मशीन कितीही नवी आली तरी फर्स्ट पीस कुणी मोजायचा बंद केलेला मी पाहिला नाही, आणि मोजायला येण्यासाठी आधी दहा जॉब स्वतः बिघडवावे लागतात.

तर जोडीदारा, फी भरू नकोस अजून. नोकरीही सोडू नकोस. कुठं अप्रेंटिसला बोलावलं तर पगाराच्या आधी एवढं विचार: माझं काम रोज कोण बघणार, आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ दिलाय का? उत्तर देताना समोरचा चाचरला तर चहा पिऊन परत ये.

रविवारी तुझी सुट्टी ना? घरी ये. त्या जुन्या फ्लँजच्या मॅक्रोचा प्रिंट असेल तुझ्या लॉकरात, तो आण. तोच पायथॉनमध्ये लिहायला बसू. चुकलेल्या ओळी मी लाल करणार, तोंड वाकडं करायचं नाही. येताना भडंग घेऊन ये, तिखटवालं.