शरीराला सगळ्याची सवय होत नाही

उन्हाळा तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस वाळवंटात राहिला, बर्फात राहिला, दुष्काळांतून तरला. तेव्हा तापमान वाढलं तरी शरीर जुळवून घेईल, कमी पाण्याची सवय होईल, अन्न कमी पडलं तर चयापचय आपोआप मंदावेल आणि लहानपणापासून टणक केलं तर मुलं काहीही सोसतील. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणून लोकांना पटतं. आणि पटलं की दुसऱ्याला पाणी, सावली किंवा पोटभर जेवण नाकारणं सोपं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘उष्णतेची सवय होते.’ होते, अगदी मोजता येईल इतकी होते. रोज थोडा वेळ उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ घटतं. पण ही कमाई टिकाऊ नाही. तीन-चार आठवडे थंड जागी काढले की बरीचशी निघून जाते. शिवाय ती मिळेपर्यंतचे दिवसच सर्वांत घातक असतात. उघड्यावरच्या कामात उष्माघाताने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणूनच अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या मार्गदर्शनात नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं फक्त २० टक्के काम द्यावं आणि पुढे रोज जास्तीत जास्त २० टक्के वाढवावं, असं सांगितलेलं आहे.

सवयीला छतही आहे. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो: घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकणारा घाम मात्र काहीच नेत नाही, आणि दमट हवेत घाम टपकतोच. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा मिळतो, तो ३५ अंशांवर गेला तर धडधाकट माणूस सावलीत बसूनही काही तासांत दगावू शकतो, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत शरीराचं तापमान आवरेनासं होण्याची हद्द याच ओल्या फडक्याच्या मापाने ३०-३१ अंशांवरच दिसली, तीही अगदी हलकी हालचाल असताना. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून जास्त अतिरिक्त मृत्यू झाले, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते.

‘कमी पाण्याची सवय लावा.’ हा मुद्दा निखालस खोटा आहे आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. उष्णतेला सरावलेलं शरीर जास्त घाम गाळतं, म्हणजे त्याला पाणी जास्त लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अॅडॉल्फ यांनी अमेरिकेच्या वाळवंटात सैनिकांवर हेच तपासलं. पाणी कमी देऊन माणसाची गरज कमी होत नाही, फक्त त्याचं काम लवकर थांबतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांकडे पाहा. त्यांच्याइतकं उन्हाला सरावलेलं क्वचितच कोणी असेल. तरीही त्यांच्यात ऐन तरुणपणी मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण भयंकर आहे. कारणांची चर्चा अजून चालू असली, तरी रोजची उष्णता आणि शरीरातलं पाणी आटणं यांच्यावरच मोठा संशय आहे.

‘पूर्वज बर्फात राहिलेच की.’ राहिले, ते कातड्याचे कपडे, आग आणि घर यांच्या जोरावर. थंडीशी जुळवून घेण्याची शरीराची स्वतःची ताकद फार तोकडी आहे. तिबेटी लोकांच्या जनुकांत विरळ हवेला साजेसा बदल आहे हे खरं, पण असा बदल हजारो वर्षांत पसरतो. तो पसरतो कारण ज्यांच्यात तो नव्हता त्यांची मुलं कमी जगली. त्या न जगलेल्यांचा हिशोब या मजकुरात कुठेच नसतो.

‘अन्न कमी पडलं तर चयापचय मंदावतो.’ मंदावतो. पण तेव्हा माणसाचं काय होतं ते अमेरिकेतल्या मिनेसोटात नोंदवलेलं आहे. १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे साधारण अर्ध्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. पण ही बचत आली कुठून? स्नायू झिजले, हृदयही आक्रसलं, नाडी मंदावली. माणसं भर उन्हाळ्यात पांघरूण मागत होती, घोटे सुजले होते, जिना चढणं जड झालं होतं. ताटं चाटून पुसली जात. पूर्वी स्वयंपाकघरात न फिरकणारे पाककृतींची पुस्तकं जमवत बसले. लैंगिक इच्छा विझली, चिडचिड आणि उदासी वाढली. याला जुळवून घेणं म्हणायचं असेल तर म्हणा, पण शरीर इथे स्वतःलाच खाऊन दिवस ढकलत होतं. आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून माणूस जेवणानंतरही दगावू शकतो.

‘मुलांना लहानपणापासून सोसू द्या.’ १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये जर्मनांच्या नाकेबंदीमुळे दिवसाचं रेशन १,००० किलोकॅलरींच्याही खाली गेलं. तेव्हा गर्भात असलेल्या मुलांचा माग पुढे अनेक दशकं काढला गेला. ती टणक झाली नाहीत. मोठेपणी त्यांच्यात रक्तातल्या साखरेचा बिघाड जास्त आढळला. गर्भधारणेच्या सुरुवातीलाच उपासमार झेललेल्यांत हृदयविकारही जास्त होता. ती टंचाई काही महिन्यांत संपली होती. तिचा परिणाम पन्नाशी गाठलेल्या शरीरांत मोजता आला.