१८३ जणांनी ऑस्ट्रेलिया पेटवला? नाही!

२०१९-२० चे ऑस्ट्रेलियातले वणवे १८३ समाजकंटकांनी लावले, असा संदेश २०२० च्या सुरुवातीला फिरला होता. आकडा तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पोलिसांच्या कारवाईचाच आहे. पण त्यात मुद्दाम आग लावल्याचे आरोप फक्त २४ जणांवर होते. ५३ जणांवर आगबंदी (उघड्यावर आग पेटवायला मनाई) मोडल्याचा, ४७ जणांवर पेटती सिगारेट किंवा काडी टाकल्याचा आरोप होता. त्याच राज्यातल्या गॉस्पर्स माउंटनचा प्रचंड वणवा तर वीज पडून लागला.

हा गैरसमज मला घातक वाटतो. दोष 'कुणातरी'वर ढकलला, की छपराच्या पन्हळीतला पाला तसाच राहतो. आणि घरं पेटतात ती बहुतेकदा वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी! तिकडच्या आपल्या माणसांनो, पन्हळी साफ करा, भिंतीलगतचं वाळलेलं गवत काढा, घर केव्हा आणि कोणत्या रस्त्याने सोडायचं ते आत्ताच ठरवा.