बंपरवर गम ओतायचं बंद करा रे आता!

कोल्हापुरात कुणाच्याबी गाडीचं प्लॅस्टिक मोडलं की शेजारचा काका, भाचा, पानपट्टीवाला, सगळे एकच सांगणार, "पाच रुपयाचा गम लाव की, बसतंय!" कुठं बसतंय?? अरे बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे, म्हणजे पीपीचे असतात, त्याला साधा गम धरतच नाही! बोटं चिकटतात, बंपर नाही. मग त्यावर खायचा सोडा टाका, मग आणखी एक ट्यूब ओता, वरनं पुट्टी थापा, आणि गंगावेशीतला पहिला खड्डा लागला की सगळा थर पापुद्र्यासारखा सुटून हातात.

पार्टच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतंय की, पीपी का एबीएस, म्हणजे दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक. उलटा करून बघायला काय जातंय? एबीएस असेल तर चांगला इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गम, धरतोय, पण नीट घासून, पॉलिश-तेल पुसून, रात्रभर क्लॅम्प लावून. पीपी असेल तर आधी गम धरावा म्हणून प्लॅस्टिकचा प्रायमर, नाहीतर सरळ प्लॅस्टिक वितळवून वेल्डिंग, तेही पीपीच्याच रॉडनं. पण एवढा दम कुणाला हाय? दोन मिनिटं दाबून धरायचं आणि गाडी सुटली शिरोलीकडं!

परवा तर एकजण रेडिएटरच्या टाकीची चीर गमनं बुजवत होता. रेडिएटरच्या! आत कडक तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेही प्रेशरखाली, ते गमच्या थेंबावर थांबणार हाय का? त्याच गाडीतनं पोरंबाळं घेऊन जोतिबाचा घाट चढायचाय ना? मग टाकी बदला की राव!