साखळीकडचा टोंगळा

सायकलवर नीट कसे बसावे, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुण्यातील एका तरुणाकडून मोबाइलवरून शिकण्याची वेळ माझ्यावर येईल, असे चौथीत असताना वडिलांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची चालवणाऱ्या मला कोणी सांगितले असते, तर मी सायकलसकट नालीत पडलो असतो. अर्थात त्या दिवसांत मी कोणी काही न सांगताही पडतच होतो.

वरूड तालुक्यातील एका गावात माझे कृषी सेवा केंद्र आहे. कपाशी-तुरीचे बियाणे, खते आणि संत्र्याच्या बागांची औषधे विकणाऱ्या माणसाने लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या नादी का लागावे, याचे समाधानकारक उत्तर मला घरी अजून देता आलेले नाही. ही स्पर्धा म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, तेही एकामागून एक आणि साधारणपणे १७ तासांच्या आत. १९७८ मध्ये हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण सुरुवातीला उभे राहिले आणि १२ जणांनी ती पुरी केली, ही माहिती मी मोठ्या उत्साहाने वडिलांना दिली. त्यांनी सुपारी कातरता कातरता शांतपणे विचारले, "अन् मांगं लागलं कोन होतं त्यायच्या?"

पोहण्यासाठी आमची विहीर होती आणि धावण्यासाठी कालव्याचा रस्ता होता. अडले ते सायकलपाशी. ट्रायथलॉनच्या सायकलला हँडलवर पुढे दोन नळ्या असतात. कोपर गाद्यांवर टेकवून, त्या नळ्या धरून, वाऱ्याला कमीत कमी अंग दाखवत पालथे पडल्यासारखे बसायचे असते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद वाऱ्याला बाजूला सारण्यातच खर्च होते, आणि त्या वाऱ्याला मुख्य अडथळा सायकलचा नसून वर बसलेल्या माणसाचा असतो. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीत अमेरिकेचा ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता. त्याने अशाच नळ्या लावून २४.५ किलोमीटर सायकल हाणली आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. माझ्या बाबतीत मात्र पन्नासेक किलोमीटरनंतर मान अशी आखडे की, उजवीकडून येणारा ट्रॅक्टर पाहण्यासाठी मला सायकलसकट वळावे लागे. आणि ज्या भागाचा उल्लेख या लेखात मी एवढा एकदाच करणार आहे, तो भाग बधिर होऊन दुकानाच्या गादीवर दुपारपर्यंत परत येत नसे.

यावरचा उपाय म्हणजे बाइक फिटिंग. सीटची उंची, सीट आणि कोपराच्या गाद्या यांमधील अंतर, त्या गाद्यांची उंची, बूट पायडलमध्ये अडकवणाऱ्या बुटाखालच्या खिट्टीची जागा, असे सगळे त्या त्या माणसाच्या हाडांप्रमाणे बसवून घ्यायचे. पुण्याला जाऊन ते करून घेणे म्हणजे बडनेऱ्यापर्यंत सायकल नेणे, ती गाडीत चढवणे, दोन रात्री आणि तीन दिवस दुकान बंद. आणि महिना मे. खरिपाच्या तोंडावर तीन दिवस कुलूप लावणारा कृषी केंद्रवाला परत आल्यावर त्याच गावात राहू शकत नाही. तेव्हा साडेचार हजार रुपये भरून मी व्हिडिओवरून होणारी फिटिंग ठरवली. आपण आपला व्हिडिओ काढून पाठवायचा, तज्ज्ञाने त्यावर कोन मोजून बदल सुचवायचे, असा तो प्रकार होता. या तज्ज्ञाचा आवाज अत्यंत सौम्य होता आणि तो मला 'सर' म्हणत असे. ज्याला माझ्या पोटाचा बाजूने व्हिडिओ पाठवायचा होता, त्याने मला सर म्हणावे, याचा मला शेवटपर्यंत संकोच वाटला.

त्याची सूचनावली दोन पानांची होती. सायकल ट्रेनरवर, म्हणजे मागचे चाक जागेवरच फिरवणाऱ्या स्टँडवर, अगदी समपातळीत असावी. मोबाइल तीन मीटरवर, कमरेच्या उंचीवर, सायकलशी काटकोनात असावा. कपडे अंगाला चिकटलेले असावेत. आणि घोटा, गुडघा, खुबा, खांदा, कोपर व मनगट या ठिकाणी हाडांच्या उंचवट्यांवर ठळक ठिपके लावावेत. तीन मीटर मोकळी जागा आमच्याकडे फक्त खताच्या गोडाऊनमध्ये निघाली. गोडाऊनला टिनाचे छप्पर, बाहेर ४४ अंश, आणि फरशीला पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे मुद्दाम दिलेला उतार. हा उतार ज्या मिस्त्रीने दिला होता त्यालाच बोलावले. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन तो आला, दोन्ही चाकांच्या आसांपाशी पातळी पाहिली आणि पुढच्या चाकाखाली लाकडी फळीचे दोन तुकडे सरकवून निर्विकारपणे म्हणाला, "आता हे घर बांदलं तरी पडत नाई, भाऊ."

मोबाइलची उंची हे दुसरे प्रकरण. तिपाई नव्हती, म्हणून युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांची थप्पी रचली. एका पोत्याने उंची कमी पडे आणि आणखी एक ठेवले की जास्त होई. शेवटी वरचा बारीक हिशेब कपाशीच्या बियाण्याची पाकिटे एकावर एक ठेवून जमवला. साडेतीन पोती आणि चार पाकिटे, अशी माझ्या कमरेची उंची त्या दिवशी कळली. अर्धे पोते म्हणजे फुटलेले पोते.

ठिपक्यांसाठी सौभाग्यवतीचे टिकल्यांचे पाकीट कामी आले. तिने सर्वांत मोठ्या, मरून रंगाच्या टिकल्या काढून माझ्या घोट्यावर आणि गुडघ्यावर लावल्या. खुब्याचे हाड मात्र सापडेना. मांडीच्या हाडाचा तो बाहेरचा उंचवटा पुस्तकातील चित्रात अगदी स्पष्ट असतो. माझ्या बाबतीत त्याच्यावर गेली वीस वर्षे पुरणपोळ्यांचे थर बसलेले होते. "हालू नका ना," ती बोटाने चाचपत म्हणाली, "आंब्यातली कोय शोधून राह्यली मी." अखेर कोय सापडली, टिकली लागली, मी सायकलवर चढलो आणि कुलर सुरू केला. कुलरच्या वाऱ्याने बियाण्याच्या पाकिटांवरून मोबाइल पडला. कुलर बंद केला, तर पाचव्या मिनिटाला घामाने खुब्यावरची टिकली घसरली आणि व्हिडिओ संपला तेव्हा ती मांडीवर मध्येच कुठेतरी होती. तो व्हिडिओ पाहून तज्ज्ञाने लिहिले, "सर, तुमचा खुबा प्रवास करतो आहे का?" दुसऱ्या खेपेला टिकल्यांवर चिकटपट्टी लावली, ती काढताना काय झाले, ते येथे सांगण्याचे कारण नाही.

एव्हाना गोडाऊनच्या दारात गर्दी जमली होती. युरिया घ्यायला आलेला माणूस काळ्या घट्ट चड्डीतल्या आणि अंगभर टिकल्या लावलेल्या दुकानदाराकडे भाव विचारावा की नाही, अशा विचारात उभा होता. पोरांचा प्रश्न साधा होता, "काका, हे सायकल समोर काऊन नाई जाऊन राह्यली?" मिस्त्री ओळंबा घेऊन थांबलाच होता. पायडल पुढे आडवे धरले असता गुडघ्यापासून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसाच्या किती पुढे-मागे पडतो, हेही कळवायचे होते. त्याने एका डोळ्याने पाहून सांगितले, "दोन सूत भाईर." तज्ज्ञाला मिलिमीटर हवे होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्याला फोनवर समजावून सांगण्यात सात मिनिटे गेली. मी त्या सात मिनिटांत तसाच वाकून होतो.

आणि या सर्वांत मागे नव्हे, तर अगदी समोर, डीएपी खताच्या पोत्यावर वडील बसले होते. त्यांनी आयुष्यभर बैलबाजार केला आहे. बैल दहा पावले चालवून दाखवला की कोणत्या पायात खोट आहे, हे ते सांगत आणि त्यावर व्यवहार ठरत असे. समोरून काढायच्या व्हिडिओच्या वेळी त्यांनी जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, "काऊन रे बाबू, तुहा साखळीकडचा टोंगळा भाईर फेकून राह्यला." टोंगळा म्हणजे गुडघा.

मी म्हणालो, "बाबा, रिपोर्ट येऊ द्या."

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. तो खरोखर अभ्यासपूर्ण होता. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्याचा कोन १४० ते १५० अंशांच्या मध्ये कुठेतरी हवा, माझा १३४ होता. म्हणजे सीट फार खाली. ती मी बसवताना लेमाँडच्याच नावाने चालणारे गणित वापरले होते, पायाच्या आतील लांबीला ०.८८३ ने गुणायचे. पण ती लांबी मी सैल लेंग्यावरून मोजली होती, आणि चुकीच्या लांबीला अचूक दशांशांनी गुणल्यावर चूकही अचूक होते. सीट १४ मिलिमीटर वर घ्यावी. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरचा घ्यावा, म्हणजे पाय वर येताना मांडी आणि पोट यांची टक्कर होणार नाही. (पोट हा शब्द त्याने वापरला नव्हता, 'धडाचा पुढील भाग' असे लिहिले होते, पुण्याच्या माणसाचे हे मला आवडते.) कोपराच्या गाद्या २० मिलिमीटर उंच कराव्यात. हे वाचून मी चकित झालो, कारण माझ्या समजुतीने जितके खाली तितके वेगवान. पण त्याचे म्हणणे असे होते की, जे खाली बसणे मला अर्ध्या तासात सोडून द्यावे लागते त्यापेक्षा थोडे वर असलेले आणि सहा-सात तास टिकणारे बसणे शेवटी वेगवानच ठरते. शेवटच्या ओळीत लिहिले होते की, डावा गुडघा बाहेर जातो, तरी डाव्या पायडलच्या मुळाशी एक वॉशर घालून पाय किंचित बाहेर घ्यावा.

डावा! मी रिपोर्ट घेऊन वडिलांकडे गेलो. साखळी प्रत्येक सायकलला उजवीकडे असते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चष्मा न लावताच कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, "असंल बा. शिकलेला मानूस हाय."

वॉशर मी स्वतःच बसवायला घेतला. अर्धा तास पान्यावर उभा राहून जोर लावला, तरी डावे पायडल निघेना. मग सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. "भाऊ," तो दयेने म्हणाला, "डाव्या पायडलची चुडी उलटी असते. तुमी अर्धा घंटा ते कसून राह्यले."

सीट आणि कोपराच्या गाद्या वर गेल्याने मान आणि कंबर दोन्ही सुधारल्या, हे मान्य केले पाहिजे. मोर्शीपर्यंत जाऊन परत येताना मी चक्क मान वळवून ट्रॅक्टर पाहिला. पण आठवडाभरात डावा टोंगळा कुरकुरू लागला, आणि जन्मात कधी न दुखलेला तो सांधा जिना चढताना आवाज करू लागला. तज्ज्ञाला कळवले. त्याने सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले आणि रात्री दहा वाजता फोन केला.

"सर, एक विचारू का? तुम्ही खत कोणत्या राज्यातून मागवता?"

"का हो?"

"नाही, समोरच्या व्हिडिओत तुमच्या मागे जी पोती आहेत, त्यांच्यावरची लिपी मला ओळखता येत नाही."

मी व्हिडिओ उघडला. पोत्यांवर ठळक अक्षरांत आमचीच देवनागरी होती, फक्त उलटी. आरशात दिसते तशी. समोरचा व्हिडिओ काढताना मी सेल्फीचा कॅमेरा लावला होता आणि माझ्या मोबाइलमध्ये त्याने काढलेले चित्र उलटेच जतन होत असे. सेल्फीचा कॅमेरा का लावला, तर आपण चौकटीत नीट आलो की नाही ते पाहण्यासाठी, असे मी तज्ज्ञाला सांगितले. खरे कारण धडाचा पुढील भाग कसा दिसतो, हे पाहण्याचे होते. डावा तो उजवा आणि उजवा तो डावा झाला होता, आणि माझा निरपराध पाय आठवडाभर दुसऱ्याची शिक्षा भोगत होता.

चूक संपूर्ण माझी असूनही त्याने पैसे न घेता पुन्हा व्हिडिओ पाहण्याचे कबूल केले, आणि या वेळी सगळे त्याच्या डोळ्यांसमोर, फोन चालू ठेवूनच करायचे ठरले. अट एकच, पोत्यांवरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. वॉशर उजवीकडे गेला, टिकल्या लागल्या, मिस्त्रीची फळी लागली. मी पायडल मारू लागल्यावर थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, ते बाबा आहेत का तिथे? जरा त्यांना द्या ना फोन."

वडिलांनी फोन कानाला लावला, पोत्यावरून उठून माझ्याभोवती एक फेरी मारली, माझ्या पाठीवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली आणि म्हणाले, "टोंगळा सरका झाला. पन त्या शीटीले खाली घ्या. पाय नाई टेकून राह्यले त्याचे."

त्यावर पुण्याहून त्या भल्या तरुणाने त्यांना गुडघ्याचा कोन, मांडीचे स्नायू, १८० किलोमीटरचे अंतर आणि पाय जमिनीला टेकेल इतकी सीट खाली घेतल्यास सांध्यावर येणारा ताण, हे सर्व कमालीच्या संयमाने समजावून सांगितले. वडिलांनी मध्ये एकदाही न बोलता ते ऐकून घेतले.

"हो, बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "अन् मंग थांबाचं असंल तं?"

पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारओळीत बकऱ्यांचा कळप आडवा आला, माझे दोन्ही बूट पायडलमध्ये अडकलेले होते, आणि मी चौथीत असताना पडत होतो त्याच नालीत, त्याच बाजूला, १४ मिलिमीटर जास्त उंचीवरून पडलो.