650 जंतू आणि चांदीचं पाणी

‘नॅनोसिल्व्हरचं पाणी रोज दोन चमचे प्या’ असं सांगणारा एक मजकूर दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो. नॅनोसिल्व्हर म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. त्यातले दावे थोडक्यात असे: हे पाणी 650 प्रकारचे जंतू मारतं, जंतूंना त्याची सवय होत नाही, चांदी नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य, आणि पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्या हे दडपून ठेवतात. जीवाणू वाढवण्यात आणि मारण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एकेक दावा घेते.

आधी 650. हा आकडा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. 1978 साली ‘सायन्स डायजेस्ट’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय मासिकातल्या एका लेखात तो होता. तेव्हापासून एकाचं बघून दुसरा उतरवून घेतोय.

चांदी जंतू मारते हे मात्र खरं. आगरच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जीवाणू पसरा, मधे नॅनोसिल्व्हरमध्ये बुडवलेली कागदाची चकती ठेवा आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सकाळी सगळीकडे जीवाणूंचा दुधट थर आणि चकतीभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, झालं, औषध सापडलं. मलाही वाटलं होतं. पण मारण्याचं काम मुख्यतः कणांवरून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) करतात. जीवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला ते चिकटतात आणि त्याचा कारभार बंद पाडतात. अडचण अशी, की गंधकवाली प्रथिनं आपल्या रक्तातही भरपूर आहेत, आणि मीठही आहे. शाळेत सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी ओतल्यावर दह्यासारखा पांढरा साका तळाशी बसलेला आठवत असेल. गिळलेल्या चांदीच्या आयनांना तर पोटात शिरल्या शिरल्या हायड्रोक्लोरिक आम्ल भेटतं आणि तिथेही तसाच साका बनतो. साध्या नॅनोसिल्व्हरच्या पिवळ्या द्रावणात मीठ टाकलं तरी रंग उडतो, कण एकमेकांना चिकटून करडे होतात. फुप्फुसातल्या जंतूपर्यंत मग पोचायचं कुणी?

प्लेट आणि रोगी यांच्यातलं हे अंतर सोन्यानं फार आधी दाखवून दिलं होतं. 1890 मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत क्षयाचा जीवाणू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी सांगितलं, की सोन्याची सायनाइड संयुगं वीस लाखांत एक भाग इतकी विरळ असतानाही क्षयाच्या जीवाणूची वाढ रोखतात. त्याच भाषणात ते हेही म्हणाले, की क्षय झालेल्या प्राण्यांवर याचा काहीही उपयोग झाला नाही. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोडून दिलं. 1920 च्या दशकात सॅनोक्रायसिन नावाची सोन्याची इंजेक्शनं क्षयरोग्यांना सर्रास टोचली गेली. शेवटी अमेरिकेत डेट्रॉईटच्या एका सॅनेटोरियममध्ये (क्षयरोग्यांच्या रुग्णालयात) 24 रोग्यांचे दोन गट पाडले. सोनं कुठल्या गटाला आणि नुसतं शुद्ध पाणी कुठल्या, हे चक्क नाणं उडवून ठरवलं. 1931 मध्ये निकाल छापून आला: फायदा नाही, विषबाधा मात्र आहे.

‘जंतूंना सवय होत नाही’ हा दावा तर जन्मतःच शिळा होता. 1975 मध्येच, म्हणजे ‘सायन्स डायजेस्ट’मधल्या त्या लेखाच्या तीन वर्षं आधी, बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला हा जीवाणू सापडला. तीन रोगी दगावले, वॉर्ड बंद करावा लागला. पुढे 2018 मध्ये चेक संशोधकांनी आणखी मजेशीर प्रकार दाखवला. ज्या फ्लॅजेलिन प्रथिनाची जीवाणूची शेपटी बनते, तेच तो बाहेर सोडतो आणि त्यात चांदीच्या कणांच्या गुठळ्या होतात. यासाठी जनुकात बदलही करावा लागत नाही. शत्रूचं कौतुक वाटावं असं हे काम आहे.

‘अपाय शून्य’? मोंटाना राज्यातून 2002 मध्ये अमेरिकी सेनेटची निवडणूक लढवलेले स्टॅन जोन्स यांचा चेहरा निळसर-करडा होता. वर्ष 2000 लागताच कॉम्प्युटर बंद पडतील, अँटिबायोटिकं मिळणार नाहीत, या भीतीनं ते घरीच चांदीचं पाणी बनवून पीत होते. अशा निळं पडण्याला अर्जिरिया म्हणतात. चांदी त्वचेत साठते, उजेडानं काळवंडते आणि सहसा जात नाही. अमेरिकेतल्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 1999 मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या औषधांतली कोलॉइडल चांदी (म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे बारीक कण) सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही असा नियम केला.

पेटंटचा मुद्दा एका ओळीचा आहे: नॅनोसिल्व्हरवर पेटंटं ढिगानं आहेत, आणि चांदीची ड्रेसिंग्ज औषध कंपन्याच विकतात.

चांदीला जागा आहे, पण बाहेरच्या पृष्ठभागावर. भाजलेल्या जखमेवरचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम कित्येक दशकं वापरात आहे. व्हेंटिलेटरच्या नळीला चांदीचा लेप दिला तेव्हा न्यूमोनियाचं प्रमाण 7.5 टक्क्यांवरून 4.8 वर आलं (2008). लघवीच्या नळीवर मात्र तीच युक्ती 7,000 हून जास्त रोग्यांत तपासली आणि 2012 मध्ये दिसलं, की सांगण्याजोगा फायदा नाही. नळी बदलली की उत्तर बदलतं. आणि सोनं? कोविडच्या घरगुती चाचणीच्या पट्टीवर उमटणारी ती लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते.